गाडी बदलायची म्हणता, पण पाय टेकतात का?



आमच्या मलकापुरात आणि कराडच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांत गेल्या दोन वर्षांत एकच प्रश्न मला निदान आठ-दहा तरुणांनी विचारला. नोकरी लागून पाच-सहा वर्षे झालेली असतात, पहिल्या मोटारसायकलचे हप्ते फिटलेले असतात, आणि मग मनात येते की आता ही बुटकी क्रूझर देऊन टाकावी आणि लांबच्या प्रवासाची मोठी गाडी घ्यावी. हा प्रश्न खरे तर मेस्त्रीला विचारायचा. पण मी पडलो कारकून माणूस. दिवसभर कचेरीत आकडे मांडायचे आणि संध्याकाळी वस्तीतल्या लोकांचे कर्जाचे कागद वाचून द्यायचे, हा माझा उद्योग. त्यामुळे गाडीचा विषयही फिरून माझ्याच ओट्यावर येतो. म्हणून म्हटले, एकदा सविस्तर लिहून टाकावे.

मोठी गाडी मागणाऱ्या पोराला 'अंथरूण पाहून पाय पसर' एवढे ऐकवून वाटेला लावणारी वडीलधारी मंडळी आपल्यात पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. आपल्या घरांत गाडी कशी आली ते आठवा. वडिलांच्या पिढीची सायकल, तीही जुनी घेतलेली. मग आळीत कुणाकडे तरी लुना, १९७२ साली बाजारात आलेली, पायडल मारून सुरू करायची. मग एम-एटी, तिच्यावर नवरा-बायको, पुढे पोर आणि जागा उरली तर ज्वारीचे पोते. १९९४ साली स्प्लेंडर निघाली आणि पुढच्या पंधरा वर्षांत कारखान्यावर जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येक घरापुढे तशी एक गाडी उभी राहिली. या सगळ्या गाड्या गरजेच्या होत्या. हौसेची म्हणून जी पहिली गाडी आपल्या पोरांनी घेतली ती ॲव्हेंजर.

पुण्याच्या बजाजने २००१ साली कावासाकीच्या साथीने एलिमिनेटर नावाची क्रूझर काढली होती. तीच कल्पना पुढे २००५ मध्ये ॲव्हेंजर म्हणून स्वस्तात आली आणि २०१० पासून २२० सीसीची मिळू लागली. लांबट बांधा, खाली बसकी सीट, पाय पुढे टाकून आरामखुर्चीत बसल्यासारखे बसायचे, मागे बसणाऱ्याच्या पाठीला टेकू. सीटची उंची ७३७ मिलिमीटर, म्हणजे २९ इंच. पाच फूट दोन इंचाच्या माणसाचेही दोन्ही पाय जमिनीला सपाट टेकतात. वजन १६३ किलो असले तरी ते खाली असल्यामुळे गाडी गल्लीत सहज वळते, बाजारात गर्दीत हातभर जागेतून निघते. मोठ्या गाडीचा थाट आणि चालवायला हलकी, असा तिचा गुण.

मग ती बदलायची कशाला? आमच्या शेजारच्या एका मुलाची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, कारण तो हे पान वाचतो. तासवडे एमआयडीसीत नोकरीला आहे, वडील नाहीत, आई दवाखान्यात आयाचे काम करते, धाकटी बहीण नर्सिंगला आहे. त्याची ॲव्हेंजर २०१७ ची. एका रविवारी आला आणि उभ्या-उभ्याच म्हणाला, "काका, गाडी बदलायचीया. हिमालयन घ्यायचीया."

"कशापायी?" मी विचारले.

"पाठ लागती. महाडला गेलो तवा येताना चिपळूणपास्नं उभा राहून चालवायची पाळी आली."

हे त्याने खोटे सांगितले नाही. वीस मार्चला महाडला चवदार तळ्यावर जाणारी आमची पोरे पाटणवरून कुंभार्ली घाटाने उतरतात, चिपळूणला महामार्गाला लागतात आणि खेड, पोलादपूर करत महाड गाठतात. एका बाजूचे जवळपास दोनशे किलोमीटर होतात. क्रूझरवर पाय पुढे असतात, त्यामुळे खड्डा आला तरी पायांवर जोर देऊन अंग उचलता येत नाही. सगळा दणका माकडहाडात बसतो. शिवाय मागचे शॉकअप खाली बसक्या गाडीला आखूड द्यावे लागतात. वेग वाढला की वारा सरळ छातीवर येतो आणि हँडल धरून ठेवण्यातच हात भरून येतात. घाटात गाडी जास्त वाकवली की फुटरेस्ट रस्त्याला घासते. गावात जी बैठक आरामाची, तीच शंभर किलोमीटरनंतर शिक्षा होते.

टूरिंगची गाडी याच्या उलट बांधलेली असते. माणूस ताठ बसतो, पाय बुडाखाली असतात, खड्डा दिसला की घोड्यावर उठावे तसे रिकिबीत उठता येते. हिमालयनचे २०२३ च्या नोव्हेंबरात आलेले मॉडेल ४५२ सीसीचे आहे. त्याचे शॉकअप पुढे-मागे २०० मिलिमीटर दबतात, पुढचे चाक २१ इंची, टाकी १७ लिटरची. मुख्य म्हणजे दोन्ही चाकांना एबीएस. जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊन गाडी घसरत नाही, ते यंत्र. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले ते २०१९ च्या एप्रिलपासून. म्हणजे या मुलाच्या २०१७ च्या गाडीला ते नाहीच. पावसाळ्यात कोयनानगरच्या पुढे ओल्या घाटात ज्याने ब्रेक मारून पाहिला आहे त्याला याची किंमत कळेल. तेव्हा ज्याला खरोखर लांब जायचे आहे, वर्षातून चार-पाच वेळा तरी, त्याचे मागणे मला रास्त वाटते. हौस म्हणून हसण्यावारी नेण्यासारखे ते नाही.

मात्र तो वर्षातून किती वेळा लांब जातो, हे मी त्याला बोटांवर मोजायला लावले. महाड एकदा. सहा डिसेंबरला मुंबई. पण तेव्हा आई आणि बहीण बरोबर असतात, म्हणजे रेल्वे किंवा गाडी ठरवून. कोकणात मित्रांबरोबर एकदा. नागपूरला मोटारसायकलने जायचे मनात आहे, अजून गेलेला नाही. बाकीचे तीनशेसाठ दिवस मलकापूर ते तासवडे, परत, आणि संध्याकाळी कराडचा बाजार.

शिवाय मोठी गाडी घेतली म्हणून मोठा रस्ता मोकळा होतो अशी समजूत असेल तर तीही काढून टाका. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे, मग ती शंभर सीसीची असो की हजाराची. समृद्धी महामार्गावर बंदी, मुंबईच्या सागरी सेतूवर बंदी, २०२४ मध्ये झालेल्या अटल सेतूवरही बंदी. मुंबईला जायचे तर जुन्या रस्त्याने खंडाळ्याचा घाट उतरूनच जावे लागते, आणि तिथे पन्नासच्या वर जाणारा शहाणा नव्हे.

आता वजनाकडे येतो. हिमालयन भरते १९६ किलो. ॲव्हेंजरपेक्षा ३३ किलो जास्त, म्हणजे तांदळाचे पंचवीस किलोचे एक पोते आणि वर आठ किलो. हे पोते खाली ठेवले असते तर काही वाटले नसते. पण गाडी उंच, म्हणून ते वजनही उंचावर. सीट ८२५ मिलिमीटरवर, साडेबत्तीस इंच. ॲव्हेंजरपेक्षा साडेतीन इंच वर. आमचा मुलगा पाच फूट चार इंच. ॲव्हेंजरवर त्याची टाच टेकते, हिमालयनवर चवडा टेकेल, तोही एका बाजूचा. थोडी कमी उंचीची सीट जादा पैसे देऊन बसवता येते, तरी फरक उरतोच. गाडी धावत असते तेव्हा वजनाचे काही वाटत नाही, उलट ती रस्त्याला घट्ट धरून चालते. वजन जाणवते ते थांबताना. कोल्हापूर नाक्यावरचा जुना उड्डाणपूल २०२३ मध्ये पाडला तेव्हापासून ट्रक, एसटी आणि उसाच्या ट्रॉल्यांच्या मधून सेवारस्त्याने इंचाइंचाने सरकायचे म्हणजे काय असते हे मलकापूरकरांना सांगायला नको. तिथे पाय टेकायच्या जागी खड्डा निघाला, गाडी दहा अंश कलली, की चवड्यावर १९६ किलो आणि मागे बसलेली आई सावरायची असते. कललेली गाडी एका मर्यादेपर्यंत पायाने धरता येते, पुढे नाही.

म्हणून मी पोरांना एक परीक्षा सांगतो. शोरूमच्या सपाट फरशीवर गाडी सगळ्यांनाच पेलते. ती आपल्या वस्तीच्या चढावर आणा. इंजिन बंद करून, खाली उतरून, ढकलत मागे घ्या आणि वळवून लावा. मग वर बसून पायाने मागे घ्या. हे दोन्ही धाप न लागता जमले तर पुढचे बोलू. अंगातली ताकद सिद्ध करायला ही परीक्षा नाही. रात्रपाळी करून आलेल्या अंगाला काय झेपेल, ते पाहायचे असते.

आणि मागची सीट! मोटारसायकलच्या जाहिरातीत मागची सीट नेहमी रिकामी असते. आपल्या घरात ती कधीच रिकामी नसते. या मुलाच्या आईचे दोन्ही गुडघे दुखतात. ॲव्हेंजरवर ती एका बाजूने बसते, मागे टेकू आहे, पडायची भीती नाही. टूरिंगच्या गाडीची मागची सीट पुढच्यापेक्षाही उंच. पायरीवर पाय देऊन, मुलाच्या खांद्याला धरून, टांग टाकून चढावे लागते. लुगड्यात हे कसे व्हायचे? बाजूने बसायचे म्हटले तर साडीगार्ड, पाय ठेवायला पट्टी आणि धरायला कडी हवी. सामानाच्या पेट्या लावल्या की तीही जागा जाते. मी वहिनींना विचारले तेव्हा त्या चहाची कपबशी ठेवता ठेवता म्हणाल्या, "गाडी त्याची हाय भाऊजी, पण गुडघा माझा हाय." मुलगा गप्प बसला. तोवर गाडीच्या प्रत्येक बाजूचा व्हिडिओ त्याने पाहिला होता. ही बाजू त्यात नव्हती.

गप्प बसल्यावर थोड्या वेळाने तो जे बोलला ते मात्र लिहिलेच पाहिजे. म्हणाला, "काका, खरं सांगू? गावाकडं जातो ना, चौकात गाडी लावली की लोक बघत्यात. आमच्या आज्याला त्या चौकातनं चप्पल काढून जावं लागायचं."

याला मी काय उत्तर देणार? वाहनाचा आणि मानाचा संबंध आपल्याला कुणी नव्याने शिकवायला नको. आमच्याच कराड तालुक्यातले मसूर स्टेशन. १९०१ साली साताऱ्याहून निघालेली लहान मुले तिथे उतरली. वडील खटाव तालुक्यात कॅशियर होते, त्यांच्याकडे जायचे होते. अंगावर चांगले कपडे, जवळ पैसे, पण जात कळताच एकही गाडीवान त्यांना बैलगाडीत घेईना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एकजण तयार झाला, तोही या अटीवर की गाडी मुलांनी स्वतः हाकायची आणि तो बाजूने चालणार. त्या मुलांतला एक भीमराव. या प्रसंगाची आठवण त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवली.

पण त्याच आठवणींत आणखी एक प्रसंग आहे, चाळीसगावचा, १९२९ सालचा. तो आपल्या सभांतून कमी सांगितला जातो. बाबासाहेब तेव्हा सरकारी समितीच्या कामाने खानदेशात गेले होते. धुळ्याहून परतताना चाळीसगावच्या आपल्या लोकांनी त्यांना मुक्कामाचा आग्रह केला. स्टेशनवरून वस्तीत न्यायला टांगा हवा, आणि टांगेवाले त्यांना घेऊन टांगा हाकायला तयार नाहीत. पाहुण्याला चालत नेणे लोकांना कमीपणाचे वाटले. तडजोड अशी निघाली की टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा मिळणार नाही. मग आपल्यातलाच एकजण पुढे बसला, ज्याने कधी टांगा हाकला नव्हता. वाटेत एका मोटारीची धडक होता होता वाचली, आणि पुढे नदीवरच्या पुलावर चाक दगडात अडकले. बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, घोडा आणि टांगा नदीत गेले. त्यांच्या पायाचे हाड मोडले. हा प्रसंग लिहिताना ते लोकांच्या प्रेमाची थट्टा करत नाहीत, टांगेवाल्यांचा तर निषेधच आहे. पण एक गोष्ट स्पष्ट लिहितात, की पाहुण्याचा मान राखण्याच्या भरात लोक त्याच्या जिवाचा विचार करायचे विसरले. हाकणारा कोण आहे हे आधी पाहायला हवे होते.

हे सांगितल्यावर मुलगा म्हणाला, "म्हंजे घेऊ नको म्हणताय?"

मी तसे म्हणत नव्हतो. चौकात गाडी लावायचा त्याचा हक्क आहे आणि तो त्याने बजावावा. फक्त ती गाडी त्याला थांबवता, वळवता, उचलता आली पाहिजे, आणि तिचा हप्ता आईच्या औषधातून जाता कामा नये. पहिल्या गोष्टीची परीक्षा वर सांगितली. दुसऱ्या गोष्टीला वही-पेन्सिल लागते, आणि तिथे मी घरच्या मैदानावर असतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारसायकलवरचा जीएसटी बदलला. ३५० सीसीपर्यंतच्या गाडीचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला. ३५० च्या वरच्या गाडीला पूर्वी अधिभार धरून ३१ टक्के पडायचे, ते ४० झाले. म्हणजे ३४९ सीसीची गाडी आणि ४५२ सीसीची गाडी यांच्यामध्ये सरकारनेच एक भिंत बांधली आहे. विम्याचेही तसेच. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा त्रयस्थ विमा एकदम काढावा लागतो. २०२२ च्या जूनपासून लागू झालेल्या दरांप्रमाणे १५० ते ३५० सीसीला त्याचे ७,३६५ रुपये, आणि ३५० च्या वर १५,११७. मीटिऑरसारख्या ३४९ सीसीच्या गाड्या या भिंतीच्या अलीकडे राहतात, सीटही ७६५ मिलिमीटरवरच असते. हा मधला रस्ता मी त्याला सुचवला. त्याने मान हलवली, पण डोळ्यांत हिमालयनच होती. असो.

हिमालयन रस्त्यावर येईपर्यंत साडेतीन लाखांच्या पुढे जाते. शोरूमवाल्याने जुन्या गाडीचे ४५ हजार धरले. आमच्या मेस्त्रीच्या मते बाहेर विकली तर तिचे ५८ हजार यायला हवेत. कर्ज दोन लाखांचे. उरलेल्यातले लाखभर आईच्या मुदतठेवीतून काढायचे, असा पोराचा बेत. ती ठेव म्हणजे वडिलांच्या फंडाचे आलेले पैसे.

कर्जाच्या कागदावर व्याज १२ टक्के लिहिले होते. मी विचारले, कसले बारा? घटत्या शिलकीवर की फ्लॅट? त्याला माहीत नव्हते, आणि सही करायच्या ठिकाणी पेन्सिलीची फुली आधीच मारलेली होती. वाचकहो, हे एकदा नीट पाहा. दोन लाख, तीन वर्षे, १२ टक्के. घटत्या शिलकीवर हप्ता येतो ६,६४३ रुपये, एकूण व्याज सुमारे ३९ हजार. फ्लॅट म्हणजे शेवटच्या महिन्यापर्यंत पूर्ण दोन लाखांवरच व्याज. मग हप्ता ७,५५६ आणि व्याज ७२ हजार! टक्के तेच बारा, आणि फरक जवळजवळ ३३ हजारांचा. मेस्त्रीने सांगितलेल्या आणि शोरूमने दिलेल्या किमतीत जो तेरा हजारांचा फरक, त्यावर पोरे तास तास घासाघीस करतात आणि या तेहतीस हजारांवर न वाचता सही करतात.

पुढे पेट्रोल. रोजचे तीस किलोमीटर, महिन्याला पंचवीस दिवस, साडेसातशे किलोमीटर. ॲव्हेंजरचा ॲव्हरेज छत्तीस-अडतीस धरा, हिमालयनचा अठ्ठावीस. महिन्याला साडेसहा लिटर जास्त, आणि लिटर शंभराच्या वर. म्हणजे सहा-सातशे रुपये. टायर, चेन, सर्व्हिसिंग, सगळेच मोठ्या गाडीचे मोठे असते. पोराच्या हातात पडतात एकोणीस हजार आणि ओव्हरटाइम मिळाला तर वर काही. हप्ता आणि जादा पेट्रोल मिळून सात हजार तीनशे. बहिणीची फी वर्षातून दोनदा.

मी त्याला म्हटले, गाडी घे, पण हप्ता आधी भर. म्हणजे काय, तर बँकेत सहा महिन्यांचे आवर्ती खाते काढायचे आणि दर महिन्याच्या पाच तारखेला सात हजार तीनशे त्यात टाकायचे, जणू गाडी दारात उभी आहे. एकही महिना चुकवायचा नाही, फी भरायच्या महिन्यातही नाही. ही युक्ती मी घराच्या कर्जालाही सांगतो, लग्नाच्या कर्जालाही सांगतो. सहा महिने निभावले तर घराला ते ओझे पेलते हे सगळ्यांना दिसते. हातात ४३,८०० रुपये आणि वर व्याज. तेवढे कर्ज कमी घ्यायचे. हप्ता साडेसहा हजारांवरून पाच हजार दोनशेच्या आत येतो. आणि तिसऱ्या महिन्यातच खाते मोडावे लागले, तर गाडी जप्त करायला कुणी दारात येत नाही, ही केवढी मोठी सवलत आहे! आईच्या ठेवीला मात्र हात लावायचा नाही, हे मी जरा जरबेनेच सांगितले.

जुनी गाडी देताना कागदाची जी हेळसांड होते तिच्याबद्दल चार शब्द. ओळखीच्या एका कुटुंबाने एक्स्चेंजमध्ये गाडी दिली, चावी दिली, 'नाव आम्ही बदलून घेतो' यावर विश्वास ठेवला. वर्षभराने परजिल्ह्यातली वेगाची आणि बिनहेल्मेटची चलने यांच्याच फोनवर येऊ लागली. तेवढ्यावर भागले म्हणायचे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केले आहे की अपघात झाला तर आरसीवर ज्याचे नाव, तोच मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याच्यावर, गाडी विकली असली तरी. म्हणून गाडी खाजगीत दिली तर २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरून चौदा दिवसांत आरटीओला कळवा. आमच्या भागाला त्यासाठी साताऱ्यापर्यंत जावे लागत नाही, एमएच-५० चे कार्यालय कराडलाच आहे. परवानाधारक व्यापाऱ्याला दिली तर एप्रिल २०२३ पासून २९-सी नावाचा फॉर्म आहे. गाडी ताब्यात दिल्याची नोंद त्याने होते आणि पुढची जबाबदारी व्यापाऱ्यावर जाते. ती नोंद झाल्याचा कागद हातात पडल्याशिवाय चावी सोडू नका. जुने कर्ज फिटले असेल तर बँकेचे पत्र आणि ३५ नंबरचा फॉर्म देऊन आरसीवरचा बोजा उतरवून घ्या. पुष्कळांचे हप्ते फिटून पाच-पाच वर्षे झाली तरी बोजा तसाच असतो.

आणि विम्याचा बोनस. पूर्ण विमा असून वर्षभर भरपाई मागितली नाही तर पुढच्या वर्षी गाडीच्या नुकसानीच्या विम्यावर २० टक्के सूट मिळते, ती वाढत पाच वर्षांनी ५० टक्क्यांवर जाते. ही सूट गाडीची नसते, मालकाची असते. गाडी विकली की विमा कंपनीकडून तिचा दाखला मागून घ्या. तीन वर्षांच्या आत नव्या गाडीला लावता येतो. शोरूमवाला आपण होऊन हे सांगेलच असे नाही. ज्यांनी फक्त त्रयस्थ विमाच काढला त्यांना मात्र हा बोनस नाही.

आमच्या मुलाने आवर्ती खाते काढले. चौथा हप्ता परवा भरला, पासबुक आईकडे असते. दुसऱ्या महिन्यात ओव्हरटाइम बंद होता तेव्हा त्याने कुंभार्लीचा बेत रद्द केला आणि पैसे भरले, हे मला वहिनींनी सांगितले, त्याने नाही. मोबाइलवर हल्ली तो ४५२ सीसीबरोबर जुन्या ४११ सीसीच्या हिमालयनचेही भाव बघत असतो. तिची सीट ८०० मिलिमीटरवर असते आणि दोघांच्या किमतीत बराच फरक पडतो. जुनी घ्यायची तर थकलेली चलने, बोजा आणि चासी नंबर मी पाहून देईन असे ठरले आहे.

येत्या रविवारी चालवून बघायला जायचे आहे. आईला बरोबर न्यायचे आणि मागे बसवूनच फेरी मारायची, या अटीवर वहिनी तयार झाल्या. मी शोरूमला फोन लावून विचारले, मागे चढायला एखादे स्टूल मिळेल का? पलीकडचा मुलगा आधी हसला, मग म्हणाला, "घेऊन या काकूंना. बघू काय करता येतं."